पोचलं तर दिलं

आमचे सर गेले त्याला आता तीन महिने होत आले. अजूनही त्यांची आठवण आली की माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही, कानशिलं तापतात. त्यांना ते आवडलं असतं. रडणाऱ्या माणसांचा त्यांना फार कंटाळा होता.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, आडनावात अलिबागकडचं एखादं गाव, आमटीत नारळाचं दूध आणि प्रार्थना मात्र हिब्रूत. ती हिब्रू आम्हा मुलांना वाचता यावी म्हणून गिरणगावातल्या आमच्या छोट्याशा प्रार्थनालयात दर रविवारी सर शिकवायला यायचे. आठवडाभर ते परळच्या एका शाळेत भूमिती शिकवायचे, रविवारी आम्हाला. दोन्हीकडे पट्टी तीच. ती रेघा मारायला फार कमी वेळा वापरली जायची.

चुकीच्या उच्चाराला सर एक टोमणा मारून सोडून द्यायचे. पण वाक्याच्या मध्येच कुणी श्वास घ्यायला थांबलं की संपलं. "पहिल्यापासून!" असा आवाज यायचा की बाहेरच्या कट्ट्यावरची मांजर उठून जायची. एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं, "सर, मी चुकले कुठे? वाचलं तेवढं बरोबर होतं ना?"

"तोच तर घोळ आहे," ते म्हणाले. "चुकीचं वाचलंस तर कुणीतरी दुरुस्त करील. अर्धं वाचलंस तर ऐकणाऱ्याला ते पूर्णच वाटतं. त्याला कोण दुरुस्त करणार?"

मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला फक्त एवढंच कळलं की हा माणूस दुष्ट आहे.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक लहान कोनमापक असायचा. आमच्यात घराच्या चौकटीला मेझुझा लावतात, प्रार्थनेची गुंडाळी आत असलेली छोटी डबी. ती थोडी तिरकी लावायची पद्धत आहे. सर कुणाच्याही घरी गेले की आधी 'कसे आहात' वगैरे नाही, थेट चौकटीला कोनमापक. "हा काय कोन आहे? पडायला आलेली माळ दिसतेय." माझ्या आईने एकदा चिडून म्हटलं, "सर, देवाला चालतंय, तुम्हाला का चालत नाही?" तर म्हणाले, "देव दयाळू आहे. मी भूमितीचा मास्तर आहे."

टॅक्सीवाल्यांशी त्यांचं कधी पटलं नाही. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते हे त्यांनी लालबागच्या नाक्यावर निदान शंभर ड्रायव्हरांना सांगितलं असेल. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत ते राहायचे आणि वर्षभर सगळ्या जगावर संतापलेले असायचे. अपवाद एका दिवसाचा.

फाल्गुनात आमचा पुरीम येतो. जुनी माणसं त्याला होळीचा सणच म्हणायची, कारण दोन्ही पौर्णिमेच्याच आसपास. एस्तेर राणीने आमच्या लोकांचा जीव वाचवला, त्याचा हा सण. आदल्या दिवशी उपास, मग एस्तेरची पोथी ऐकायची, गोडाधोडाचं जेवायचं, शेजारी ताटं पाठवायची आणि किमान दोन गरिबांना काहीतरी द्यायचं. हे शेवटचं मनावर सोडलेलं नाही. श्रीमंताने द्यायचं, विधवेने द्यायचं, जो स्वतः दुसऱ्याच्या दानावर जगतो त्यानेही द्यायचं. तेही त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. आणि त्या दिवशी हात पुढे करणाऱ्याची चौकशी करायची नाही.

हे शेवटचं कलम सर अक्षरशः पाळायचे. वर्षभर ज्या माणसांवर खेकसायचे ते सगळे त्या दिवशी होळीची पोस्त मागायला यायचे. पोस्टमन, झाडूवाला, नळदुरुस्तीवाला, कोपऱ्यावरचा दारुडा. सर दारात उभे राहून प्रत्येकाच्या तळहातावर नोट ठेवायचे. दारुडा एकदा दुसऱ्यांदा आला. शेजाऱ्याने ओरडून सांगितलं, "सर, हा मघाशी घेऊन गेलाय!" सर शेजाऱ्यावरच उखडले. "मी विचारलं का तुम्हाला?" दारुड्याला दुसरी नोट मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याच दारुड्याला त्यांनी छत्री घेऊन नाक्यापर्यंत पळवला.

आमच्या प्रार्थनालयाच्या यादीतल्या बावीस गरजू घरांना पुरीमची पाकिटंही सरच पोचवायचे. पायी, हातोहात. टेबलावर ठेवायचं नाही, शेजारी द्यायचं नाही. "पोचलं तर दिलं," म्हणायचे. "निघालं म्हणजे दिलं नव्हे."

आता इथे कुणाला वाटेल की सर जुन्या वळणाचे होते आणि त्यांना फोनचं वावडं होतं. साफ खोटं. मी दादरच्या एका बँकेत आहे. मी त्यांना फोनवरून पैसे द्यायला शिकवलं आणि दहाव्या मिनिटाला ते माझ्यापेक्षा भराभर करायला लागले. भाजीवाल्याला ते फोनवरूनच द्यायचे. यादीतल्या एका तरुण बेकार माणसाला तर त्यांनी स्वतःच फोनवर पैसे पाठवले होते. मी हसून म्हटलं, "का सर, हातोहात नाही?" तर म्हणाले, "तो फोनवर जगतो. वडापावसुद्धा फोनवर घेतो. त्याच्या तोंडात पडलं म्हणजे झालं. ज्याला जसं खाता येईल तसं द्यायचं, यात कठीण काय आहे?"

मग आमच्याकडे नवे सेक्रेटरी आले. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, कामसू, दिवसाचे चार तास फुकट राबणारे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मला त्यांचा आजही इतका राग येतो की मी त्यांच्याबद्दल एक तरी चांगली गोष्ट आधी लिहून टाकावी हे बरं. परदेशातल्या एका देणगीदाराला हिशेब हवा होता. कुणाला दिले, केव्हा दिले, पुरावा काय. सरांच्या पाकिटांचा पुरावा नव्हता. सरांनी कधी कुणाची सही घेतली नव्हती. "घेणाऱ्याने सही करायची? तो घेऊन उपकार करतोय आपल्यावर!"

सेक्रेटरींनी ठरवलं, या वर्षीपासून पैसे थेट खात्यात. मी समितीत होते. बँकेतली म्हणून खाते क्रमांक गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला ते आवडलं. धर्मात चालतं का, हे परदेशातल्या एका धर्मगुरूंना ईमेलने विचारलं. त्यांचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. पहिलं, खात्यात पैसे पाठवून हे कर्तव्य पार पडतं. दुसरं, मात्र घेणाऱ्याला त्याच दिवशी ते पैसे वापरून सणाचं जेवण करता आलं पाहिजे.

नोटीस मराठीत मी लिहिली. दुसऱ्या वाक्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, हे तांत्रिक आहे. लोक उगाच गोंधळतील." मला पटलं. खात्यात पैसे आले म्हणजे वापरता येणारच, असं मला वाटलं. मी ते वाक्य गाळलं.

सभेत सेक्रेटरींनी नोटीस वाचली. सर मागच्या रांगेतून उठले.

"पुढचं वाक्य वाचा."

"एवढंच आहे, सर."

"अशी उत्तरं एवढीच नसतात. मी पन्नास वर्षं हेच वाचतोय. पुढचं वाक्य वाचा."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. मी कागद नीट लावायला लागले. कुणीतरी म्हणालं, "सर, तुमचं वय झालं, इतके जिने कशाला चढता आता?" लोक हसले, ठराव मंजूर झाला. सर छत्री आपटत निघून गेले.

त्या वर्षी पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी आली. सकाळी प्रार्थनालयात पोथी वाचून झाली. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर बटण दाबलं आणि जाहीर केलं, "बावीसपैकी बावीस!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माहीमला घरी येऊन गोड पुऱ्या खाल्ल्या आणि सुट्टी होती म्हणून आडवी झाले.

तीनच्या सुमारास बेल वाजली. दारात सर. शर्ट गुलाबी-हिरवा, टक्कल जांभळं, चपलेतून पाणी गळतंय. रस्त्यातल्या कुणालाच हा माणूस काय आहे ते माहीत नसावं. त्यांनी चौकटीकडे पाहिलंही नाही.

"तुझी बँक उघड."

"सर, आज धुळवड. आज बँक बंद आहे," मी म्हणाले, आणि बोलता बोलता माझं मलाच ते ऐकू आलं.

"हां," सर म्हणाले. "आता पूर्ण वाक्य बोललीस."

बावीसपैकी पाच घरांत कार्ड नव्हतं, फोन होता तो नुसता बोलण्याचा. ती माणसं पासबुक घेऊन बँकेत जायची, स्लिप भरायची, रांगेत उभी राहायची. ते खाते क्रमांक मीच लिहून घेतले होते, पासबुकावरून. धुळवडीची सुट्टी मला महिनाभर आधी पाठ होती. पुऱ्यांसाठी मी नारळ आणूनही ठेवले होते. माझी सुट्टी म्हणजे त्यांच्या पैशाला कुलूप, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

सर गिरगावातून येत होते. तिथे एका चाळीत लेआबाई राहतात. विधवा, ऐंशीच्या घरातल्या, जन्मभर लोकांचे कपडे शिवून जगलेल्या. सर त्यांना आपल्याकडून पुऱ्या द्यायला गेले, तर भर दुपारी दार आतून बंद. बऱ्याच हाकांनी उघडलं.

"काय उपाशी होत्या का?" मी विचारलं.

"मूर्ख! चाळीत कुणी कुणाला सणाला उपाशी ठेवतं का? शेजारून पुरणपोळी आली होती. ती तशीच झाकून ठेवलेली. दरवर्षी लेआबाई दोघींना पैसे देतात, खालची झाडूवाली आणि देवळापाशी फुलं विकणारी. दोघी येऊन दार वाजवून गेल्या. लेआबाईंच्या हातात द्यायला काही नव्हतं. म्हणून कडी लावून बसल्या, आवाज न करता. ऐंशी वर्षांची बाई, स्वतःच्या सणाला, स्वतःच्या घरात लपून!"

मी फोन काढला, कशासाठी ते मलाही कळलं नाही. स्क्रीनवर लेआबाईंचं नाव, रक्कम आणि पुढे हिरवी खूण. सरांनी फोन माझ्या हातातून घेतला, नाकाशी धरला.

"ही खूण काय तळून वाढू तिला?"

त्यांच्या हातातल्या त्या फोनवरूनच मी सेक्रेटरींना स्पीकरवर फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, स्टेटमेंट माझ्यासमोर आहे. आपलं कर्तव्य सकाळीच झालं. उद्या बँक उघडली की काढतील की."

सरांनी ऐकलं. फोन त्यांच्याच हातात होता. "उद्या पुरीम नाही, गाढवा!" ते इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरच्या डिसोझाबाई जिन्यात आल्या. मग जे काही बोलले ते कुठल्या शाळेत शिकले होते देव जाणे. सेक्रेटरींनी फोन ठेवला.

मी पर्स घेतली. पहिल्या एटीएमवर पैसे नव्हते, दुसऱ्यावर मिळाले. टॅक्सी मिळायला अर्धा तास गेला. माहीमहून दादर, दादरहून परळ, मग लालबाग. सर प्रत्येक जिना चढले. मी म्हटलं, "तुम्ही खाली थांबा," तर म्हणाले, "तुम्ही खात्यात पाठवणारी माणसं. तुझा भरवसा नाही." त्यांना दम लागत होता. जिन्यावर कठड्याला धरून थांबायचे आणि त्या थांबण्यातही मला शिव्या घालायचे. मला त्यांचा राग येत होता, सेक्रेटरींचा येत होता, आणि या दोघांहून जास्त त्या बाईचा, जी कागद नीट लावत बसली होती.

पाचवं घर लेआबाईंचं. गिरगावात पोचलो तेव्हा ऊन गॅलरीच्या वरच्या कठड्यावर चढलं होतं. सूर्य मावळायला दहा-पंधरा मिनिटं असतील. लेआबाईंनी पाकीट घेतलं, उघडलं, गॅलरीतून वाकून खाली हाक मारली. झाडूवाली वर आली. तिच्या हातावर नोट ठेवून म्हणाल्या, "मघाशी दार नाय उघडलं गो. झोप लागली हुती." झाडूवालीने नोट कपाळाला लावली आणि गेली. फुलवाली मात्र केव्हाच घरी गेली होती.

लेआबाईंनी दुसरी नोट काढली. इकडेतिकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं.

"सर, हात पुढं करा."

"मी?" सर म्हणाले. "मी गरीब नाही. मला पेन्शन आहे."

"पेन्शन कुणाला वाटता ते सगळ्यास्नी ठाऊक हाय. तुमच्या शर्टाची कॉलर झिजून दोनदा उलटवलीय. चाळीस वर्सं मशीन चालवलंय मी, मला नका सांगू. दोन माणसं लागतात. दुसरं कुणी हाय का हितं? करा हात पुढं, सूर्य चालला."

मी सरांना पन्नाशी गाठलेल्या जुन्या विद्यार्थ्यांसमोर, पोलिसांसमोर, धर्मगुरूंसमोर वाद घालताना पाहिलं होतं. इथे मात्र रंगाने माखलेला उजवा हात त्यांनी हळूहळू वर आणला. लेआबाईंनी वीसची नोट त्यावर ठेवली आणि आपल्या हाताने त्यांची बोटं मिटली.

खाली टॅक्सीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुला दिसलं होतं का? कॉलरचं?"

"नाही, सर."

"खोटं बोलू नकोस."

"दिसलं होतं."

लालबाग येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. ड्रायव्हरने लांबचा रस्ता घेतला तरी काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारच्या आत त्यांना पत्र गेलं. पदाधिकाऱ्याला उद्देशून अर्वाच्य भाषा वापरल्यामुळे यापुढे वर्ग घेऊ नयेत. वर्ग म्हणजे तोवर तीनच मुलं उरली होती, पण सर दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. मी राजीनामा द्यायला हवा होता. दिला, पण सव्वा महिन्याने. आधी वाटलं, आत राहून बदल करू. असं सगळ्यांनाच वाटतं. सर मात्र प्रार्थनेला येतच राहिले, मागच्या रांगेत, आणि कुणी अर्धवट वाचलं की तिथूनच ओरडायचे, "पहिल्यापासून!" त्याला काही पत्रात बंदी नव्हती.

थंडीच्या सुरुवातीला ते गेले. रुग्णालयात दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पुढच्या फाल्गुनात बँकेच्या सुट्ट्या आधी बघ." त्यानंतर नर्सशी सलाइनच्या स्टँडवरून भांडले, आणि मग बोललेच नाहीत.

तिसाव्या दिवशी प्रार्थनालयात शोकसभा झाली. बऱ्यापैकी गर्दी होती. सरांचा मार खाल्लेली माणसं ठाण्यापासून आली होती. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. सरांची विद्वत्ता, सरांची शिस्त, सगळं ठीक चाललं होतं. मग म्हणाले, "आणि सरांच्याच मार्गदर्शनाखाली आपण पुरीमचं दान थेट खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू केली. गेल्या पुरीमला बावीसपैकी बावीस घरांत सण साजरा झाला."

मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. "हे खोटं आहे," मी म्हणाले.

सभागृह वळलं.

"सरांनी विरोध केला होता. धर्मगुरूंच्या उत्तरात दुसरं वाक्य होतं, त्याच दिवशी जेवण करता आलं पाहिजे असं. ते नोटिशीतून गाळलं. मी गाळलं. त्या दिवशी बँका बंद होत्या. पाच घरांत संध्याकाळपर्यंत सण झाला नव्हता. सर उन्हातून फिरले म्हणून झाला, आणि त्यासाठी तुम्ही त्यांचा वर्ग काढून घेतलात."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला. त्यांचा आवाज चढला नाही. "कुठली पाच घरं, मॅडम? आमच्याकडे एकही तक्रार नाही. नावं सांगा ना."

नावं मला पाठ होती. त्यातले तिघे-चौघे समोरच बसले होते, चांगले कपडे घालून, चारचौघांसारखे. कोण घेतं आणि कोण देतं हे सरांनी पन्नास वर्षांत कुणाला कळू दिलं नव्हतं. ती नावं मी कशी घेणार? सेक्रेटरींनाही ते माहीत होतं. म्हणूनच ते इतके शांत होते.

"नावं नाहीत ना?" ते म्हणाले. "मग बसा. आजचा दिवस भांडणाचा नाही."

बायकांच्या बाजूला बाक करकरला. लेआबाई पुढच्या बाकाला धरून उठत होत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी सारखा केला.

"माझं घर एक," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागच्या रांगेतली, दादरची बाई उभी राहिली. मग पुरुषांच्या बाजूला परळचे एक गृहस्थ. लालबागच्या आजोबांना काठीवर उठायला वेळ लागला. त्यांच्या नातवाने त्यांना खाली ओढायचा प्रयत्न केला, त्यांनी त्याचा हात झटकला. पाचवं माणूस आजारी होतं, आलं नव्हतं.

"बसा, बसा," सेक्रेटरी म्हणाले. "बसून घ्या सगळे, प्लीज."

कुणी बसलं नाही.